घाटकोपरचा घाटकोप

सी या संगणकभाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या मेमरीच्या चुका शोधण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. त्यांतला सर्वांत जुना, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी प्रतिष्ठेचा मार्ग म्हणजे कोडमध्ये नुसती अक्षरं शोधणं. हे काम करणाऱ्या आज्ञेचं नाव ग्रेप. अंधेरी पूर्वेच्या कचेऱ्यांत तिचं क्रियापद 'ग्रेप मारणे' असं चालतं. दांडी, टोमणा, डुलकी आणि थाप ज्या धातूवर चालतात त्याच धातूवर हीही चालते, आणि कष्टही तेवढेच पडतात. "मार ना एक ग्रेप," एवढं कुणी म्हटलं की लाखो ओळींचा पसारा काही सेकंदांत चाळून होतो. त्या काही सेकंदांत जे सापडलं ते वाचायला पुढचा आठवडा लागतो, हा भाग म्हणणाऱ्याने सांगितलेला नसतो.

चुका कुठल्या, हे आधी पाहावं लागेल. सीमध्ये मेमरी भाड्याने मिळते. मॅलॉक नावाच्या फंक्शनला किती बाइट जागा हवी ते सांगायचं. ते एक पत्ता काढून देतं. हा पत्ता म्हणजे पॉइंटर. काम संपलं की फ्री म्हणून जागा परत करायची. व्यवहार संपला. करारनामा नाही, डिपॉझिट नाही, अकरा महिन्यांची मुदत नाही, आणि मधे एजंट नाही. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कुठेही भाड्याने राहिलेल्या माणसाला ही व्यवस्था पहिल्या वाचनात स्वर्गीय वाटते. दोष दुसऱ्या वाचनात दिसतात. जागा घेतली आणि परत करायचीच राहिली, तर तो लीक. असे भाडेकरू साचत गेले की संध्याकाळपर्यंत अख्खी इमारत भरते आणि मशीन मान टाकतं. जागा परत केली, पण जुनी किल्ली खिशात राहिली आणि सवयीने त्याच दारातून पुन्हा आत शिरलं, तर ती फ्रीनंतरच्या वापराची चूक. आत एव्हाना दुसऱ्याचं बिऱ्हाड लागलेलं असतं. सी कुणाला अडवत नाही. आलेला माणूस जुन्या जागी खुर्ची आहे असं समजून बसतो आणि कधी कधी तिथे खरोखर खुर्ची असते. म्हणून ही चूक टेस्टिंगमध्ये सापडत नाही आणि क्लायंटसमोर सापडते. अशा पॉइंटरला लटकता पॉइंटर म्हणतात. विरार फास्टच्या दारात लटकणाऱ्यालाही आपण नेमके कशाला धरून आहोत हे माहीत असतं, याला तेवढंही नसतं.

एकच जागा दोनदा परत करणं ही तिसरी चूक. एकच फ्लॅट दोघांना विकण्याचा हा आरशातला अवतार. चौथी आणि सर्वांत कुप्रसिद्ध चूक म्हणजे घेतलेल्या जागेबाहेर पसरणं, बफर ओव्हरफ्लो. उपनगरांत याच क्रियेला 'बाल्कनी आत घेणे' म्हणतात आणि ती चूक मानली जात नाही. तिथे ती ग्रिलपाशी थांबते. सीमध्ये ग्रिल नसतं, त्यामुळे चपलांचं कपाट पॅसेजमध्ये आलं, तिथून शेजाऱ्याच्या हॉलमध्ये गेलं, आणि शेजारी म्हणजे फंक्शन संपल्यावर परत कुठे जायचं तो पत्ता असेल, तर प्रोग्रॅम घरी न जाता कपाट सांगेल तिकडे जातो.

ग्रेपचा जन्म १९७३ चा. त्याच वर्षी युनिक्स ही कार्यप्रणाली सीमध्ये नव्याने लिहिली गेली आणि त्याच वर्षी अंधेरी पूर्वेला सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभं राहिलं. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी तेव्हा काही संबंध नव्हता. पुढे मात्र सीप्झच्या फाटकातून सी लिहिणाऱ्यांच्या पिढ्या आत गेल्या आणि ग्रेप मारून रात्री बाहेर पडल्या. सीप्झच्या नावातला पहिला एस सांताक्रूझचा आहे आणि जागा अंधेरीची. नाव एक आणि पत्ता दुसरा हा सीमधल्या पॉइंटरचा मूळ स्वभाव. ज्याने कागदपत्रांत 'अंधेरी' हा शब्द शोधून या निर्यात क्षेत्रापर्यंत पोहोचायचं ठरवलं, त्याचा शोध नावापाशीच फसला असता.

ग्रेप लिहिला बेल लॅब्जच्या केन थॉम्प्सन यांनी. कारण सांगितलं जातं ते असं: ली मॅकमहॉन या सहकाऱ्याला अमेरिकेच्या राज्यघटनेच्या काळातले 'फेडरलिस्ट' निबंध तपासून कुठला निबंध कुणी लिहिला ते शोधायचं होतं. निबंध ८५. तेव्हाचा एड हा संपादक मजकूर मेमरीत घेऊन काम करायचा आणि एवढा मजकूर त्या मेमरीत मावेना. थॉम्प्सननी मग एडमधली शोधायची सोय बाहेर काढून तिची वेगळी आज्ञा केली, जी एका वेळी एकच ओळ हातात घेते. एडमध्ये हीच गोष्ट 'सगळीकडे, हा नमुना, छाप' अशी तीन तुकड्यांत सांगायची असे. त्या तुकड्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून जी-आरई-पी, म्हणजे ग्रेप. मेमरी पुरेना म्हणून जन्मलेली आज्ञा पुढे मेमरीच्या चुका शोधायला जुंपली गेली. नमुन्यांचं गणित स्टीफन क्लेनी यांनी १९५६ च्या निबंधात मांडलेलं होतं आणि ते मशीनवर वेगाने कसं चालवायचं हे थॉम्प्सन यांनीच १९६८ मध्ये छापलेलं होतं. पण ते गणित गेली पन्नास वर्षं वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यातली टिंब आणि चांदणी एवढीच आठवते. टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर. चांदणी म्हणजे आधीची वस्तू कितीही वेळा, शून्य वेळासुद्धा. दोन्ही एकत्र आली की 'काहीही'.

सर्वांत सोपा शोध हा नावांचा असतो. काही फंक्शनं इतकी वाईट चालीची आहेत की त्यांचं नाव दिसलं एवढाच पुरावा पुरतो. त्यांत अग्रपूजेचा मान गेट्सचा. गेट्सला एक पेटी द्यायची; समोरून जे येईल ते तो पेटीत भरतो. पेटी केवढी आहे हे त्याला सांगायची सोयच नाही. १५ डब्यांची गाडी १२ डब्यांच्या फलाटावर आणण्यासारखं हे आहे. अंधेरी ते विरार धिम्या मार्गावर २०२१ मध्ये १५ डब्यांच्या गाड्या सुरू झाल्या, तेव्हा रेल्वेने आधी फलाट लांबवले आणि मग गाडी आणली. भारतीय रेल्वेला दूरदृष्टीचं श्रेय देण्याचे प्रसंग थोडे, म्हणून हा नोंदवून ठेवावा. गेट्स फलाट पाहत नाही. मागच्या तीन डब्यांतले प्रवासी खडीवर उतरतात, आणि सीमध्ये खडीच्या जागी कुणाचं तरी स्वयंपाकघर असतं.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने इंटरनेटवर सोडलेला किडा ज्या वाटांनी मशीनमध्ये शिरला, त्यांतली एक वाट हीच होती: फिंगर नावाच्या सेवेतली ५१२ बाइटची पेटी आणि तिच्यात डोळे मिटून ओतणारा गेट्स. सीच्या प्रमाणग्रंथातून गेट्सला हाकललं ते २०११ मध्ये. मधली २३ वर्षं तो पुस्तकांत होता, आणि मुंबई उपनगरांतल्या कॉलेजांच्या जर्नलांत तर त्यानंतरही वावरत राहिला. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या प्रकल्पाने २०१८ मध्ये वेगळी युक्ती केली. स्ट्रकॉपी, स्ट्रकॅट, स्प्रिंटएफ अशा नावांची एक काळी यादी कोडमध्येच ठेवली. यादीतलं नाव कुणी लिहिलं की कम्पायलर तिथेच अडून बसतो. ग्रेपने दरवेळी शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

नाव शोधणं मात्र दिसतं तेवढं सोपं नाही. गेट्स शोधला की एफगेट्सही सापडतो, आणि एफगेट्स बिचारा पेटीचं माप विचारणारा सभ्य गृहस्थ. मतदारयादीत 'राम' शोधणाऱ्याला आराम, विराम आणि ग्रामपंचायत सापडावी, तसा हा प्रकार. यावर पूर्ण शब्दच धरायचा पर्याय आहे, तो म्हणजे वजा डब्ल्यू. मग कॉमेंटमधले गेट्स उरतात: 'इथे पूर्वी गेट्स वापरत होतो, आता वापरत नाही' अशी प्रामाणिक कबुली देणारी ओळही गुन्हेगारांच्या रांगेत उभी राहते. (कोड देवनागरीत लिहायची पद्धत असती तर बिल गेट्सही याच रांगेत असते; रोमन लिपीतल्या स्पेलिंगने ते वाचले आहेत.)

नावाच्या पलीकडचा शोध ओळीच्या घडणीचा. त्यासाठी चार स्टेशनं पुरेत: अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर. समजा, पासधारकाचं स्टेशन ठेवायला कुणी तरी वीस बाइटची पेटी केली. सीमध्ये अक्षरांच्या पेटीचा प्रकार 'चार' असा लिहितात, म्हणजे ओळ अशी होते: चार स्टेशन[२०]. चार आणि वीस शेजारी आले की काय होतं ते सांगायला नको. रोमन लिपीत घाटकोपर नऊ अक्षरांत बसतं, तेव्हा वीस म्हणजे ऐसपैस, असा हिशेब. काही वर्षांनी मराठीतून व्यवहार करण्याचं परिपत्रक येतं आणि तीच पेटी देवनागरीला दिली जाते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. अंधेरी डोळ्याला तीन अक्षरांचं दिसतं. मशीनच्या हिशेबी ते अ, अनुस्वार, ध, मात्रा, र आणि दीर्घ वेलांटी, अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. सीमध्ये शब्द संपल्याची खूण म्हणून शेवटी एक शून्य लागतं, झाले १९. पेटीत एक बाइट उरला. मुलुंडही तसंच सहा चिन्हांचं, तेही १९ मध्ये आटपतं. बोरिवली सात चिन्हांचं: २१ आणि शून्य धरून २२. घाटकोपर सात चिन्हांचं: तेही २२.

म्हणजे प्रोग्रॅम अंधेरीला चालतो आणि बोरिवलीला पडतो, मुलुंडला चालतो आणि घाटकोपरला पडतो. पश्चिम रेल्वेचं एक आणि मध्य रेल्वेचं एक, अशी समसमान वाटणी झाल्यामुळे पक्षपाताचा आरोप करता येत नाही. टेस्टिंग करणारा अंधेरीतल्या कचेरीत बसलेला असेल तर तो उदाहरण म्हणून 'अंधेरी' टाइप करतो आणि सगळं हिरवं दाखवून घरी जातो.

स्ट्रकॉपीने, म्हणजे माप न विचारता शब्दाची प्रत काढणाऱ्या फंक्शनने, घाटकोपर पेटीत ओतलं की दोन बाइट बाहेर सांडतात आणि शेजारच्या रकान्याची सुरुवात पुसतात. हे टाळायला म्हणून लोक स्ट्रएनकॉपीकडे वळतात, ज्याला माप सांगता येतं. माप वीस सांगितलं की तो इमानदारीत वीसच बाइट भरतो: घाटकोप एवढे अठरा आणि 'र'चे तीनपैकी दोन. शेवटचं शून्य टाकायला जागा उरत नाही, म्हणून तो ते टाकत नाही. हे त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे आणि माहितीपत्रक वाचायची वेळ चूक सापडल्यानंतर येते. शून्य नाही म्हणजे शब्द संपलेला नाही. छापणारं फंक्शन मग घाटकोप छापतं, अर्धवट 'र' छापतं, आणि पुढे शेजारच्या रकान्यात पासधारकाचा फोन नंबर असेल तर तोही छापत सुटतं, कुठे तरी शून्य लागेपर्यंत. अधिक शहाणा प्रोग्रॅमर माप १९ सांगतो आणि विसाव्या बाइटात शून्य स्वतः टाकतो. त्याचा प्रोग्रॅम पडत नाही. फक्त पासवर 'घाटकोप' आणि त्यापुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं, जे पाहून पासधारकाच्या चेहऱ्यावर नेमकं तेच उमटतं.

ग्रेपला हे सापडतं का? अंशतः. 'चार' या शब्दानंतर नाव आणि मग चौकोनी कंसात आकडा, असा नमुना दिला तर सगळ्या ठरीव मापाच्या पेट्या समोर येतात. त्यांतली कुठली पेटी बोरिवलीला फुटेल हे ग्रेप सांगणार नाही, कारण तो पेटी पाहतो, तिच्यात पुढे काय भरलं जाणार ते पाहत नाही. तरीही ही यादी मोलाची असते, कारण ती वाचणाऱ्याला स्टेशनांची नावं माहीत असतात.

जिथे चूक एकाच ओळीत सुरू होऊन त्याच ओळीत संपते, तिथे ग्रेप खरा खुलतो. शब्दाची प्रत काढायची तर त्याची लांबी अधिक शून्यासाठी एक, एवढी जागा मागायला हवी. 'मॅलॉक(स्ट्रलेन(नाव))' असं लिहिणाऱ्याने तो एक विसरलेला असतो. यासाठी नमुना असा: मॅलॉक(स्ट्रलेन([^)]*)). मधल्या चौकोनी कंसातली टोपी 'मिटता कंस सोडून काहीही' असं सांगते. म्हणजे स्ट्रलेनचा कंस मिटताच लागून मॅलॉकचाही मिटला असेल, तर मधे अधिक एक लिहायला जागाच राहिलेली नाही. हा नमुना अतिशय सुंदर आहे. 'मॅलॉक(स्ट्रलेन(दे(क)) + १)' अशी बरोबर ओळ समोर आली की मात्र तो आतले दोन मिटते कंस पाहून आनंदाने ओरडतो आणि एका निर्दोष माणसाला पकडून आणतो. कंसांत कंस किती खोल गेले हे मोजणं क्लेनींच्या गणितात बसतच नाही. नमुन्याला मोजता येत नाही, नुसतं ओळखता येतं.

याचा सख्खा भाऊ 'मॅलॉक(स्ट्रलेन(नाव + १))'. इथे प्रोग्रॅमर एक विसरलेला नाही, त्याने तो कंसाच्या आत ठेवला आहे. त्यामुळे नाव दुसऱ्या बाइटपासून मोजलं जातं, लांबी एकने घटते आणि जागा हवी त्यापेक्षा दोनने कमी मिळते. रिव्ह्यू करणाऱ्याला 'अधिक एक' दिसतो, तो मान डोलावून पुढे जातो. ग्रेप मान डोलावत नाही, आणि या नमुन्यात सापडलेली ओळ क्वचितच निरपराध निघते. तसाच मेमसेट, ज्याला जागा, भरायचा आकडा आणि माप या क्रमाने सांगायचं असतं. शेवटचे दोन उलटे पडले तर 'शून्य बाइट जागेत वीस भर' असा हुकूम होतो. तो ताबडतोब आणि बिनचूक पाळला जातो, कारण करायचं काहीच नसतं.

रीॲलॉकला थोडा वेळ द्यायला हवा, कारण तो सीमधला पुनर्विकास आहे. जुनी जागा कमी पडते, मोठी हवी, म्हणून जुना पत्ता रीॲलॉकच्या हाती द्यायचा आणि नवा घ्यायचा. मोठी जागा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर तो कोरा पत्ता परत देतो. जुनी जागा मात्र तशीच उभी असते. गोम अशी की बहुतेक लोक 'पी = रीॲलॉक(पी, माप)' असं लिहितात, म्हणजे येणारं उत्तर जुन्या पत्त्यावरच खोडून लिहितात. उत्तर कोरं आलं की नवं घर नाही आणि जुन्याचा पत्ताही गेला. सामान आत, कुलूप बाहेर, आणि किल्ली बिल्डरच्या टेबलावर. ज्या सोसायट्यांनी पर्यायी जागेचा करार नोंदवल्याशिवाय खोल्या सोडल्या नाहीत, त्यांच्या सेक्रेटरींना हे कलम समजावून सांगावं लागत नाही. उत्तर आधी वेगळ्या नावात घ्यावं, ते पाहावं, मगच जुनं सोडावं. ग्रेपला ही ओळ पकडता येते: बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे जे नाव, तेच रीॲलॉकच्या कंसात पहिलं आलं का, असं मागे वळून विचारणारा संदर्भ नमुन्यात घालता येतो. हा मागे वळणारा संदर्भ क्लेनींच्या मूळ गणिताबाहेरचा आहे. मोठ्या कोडवर तो संथ चालतो, पण सापडलेली शिकार मोजली की वाट पाहिल्याचं वाईट वाटत नाही.

ओळीच्या बाहेर पाऊल पडलं की ग्रेपची पंचाईत सुरू होते. फ्री एका ओळीत, वापर चाळीस ओळी खाली, आणि मधे तीन 'जर-तर'. सोसायटीच्या गेटवरची वही आठवावी. तिच्यात नाव, फ्लॅट नंबर, येण्याची वेळ, सही असे रकाने असतात. कमिटीने सूचना दिलेली असते की पाठीवर चौकोनी बॅग असेल त्याला थांबवा. सूचना चोख पाळली जाते. बी-विंगच्या जुन्या भाडेकरूकडे गेल्या वर्षीची किल्ली आहे आणि तो रोज वर जातो, हे वहीत कुठेच दिसत नाही, कारण त्याच्या पाठीवर बॅग नसते. फ्रीनंतरचा वापर हा असा बिनबॅगेचा पाहुणा. मग लोक हिशेबाच्या मागे लागतात: कोडमध्ये मॅलॉक किती आणि फ्री किती, ते मोजायचं. ग्रेपचा वजा सी हा पर्याय आकडा देतोही, मात्र तो ओळी मोजतो, एका ओळीत दोन फ्री असले तरी एकच. आकडे जुळले तरी काही सिद्ध होत नाही. एकच मॅलॉक हजार वेळा चालू शकतो आणि दहा फ्रींपैकी नऊ कधीच गाठले जात नाहीत. अंधेरीला चढलेले आणि घाटकोपरला उतरलेले प्रवासी संख्येने सारखे निघाले म्हणून तीच माणसं पोहोचली असं होत नाही.

यात प्रोग्रॅमरही हातभार लावतात. स्ट्रकॉपीवर बंदी आली की महिनाभरात कोडमध्ये 'सेफ_स्ट्रकॉपी' नावाचं फंक्शन अवतरतं. त्याच्या पोटात एकच ओळ असते, आणि ती स्ट्रकॉपीची. नाव मॅक्रोमागे, म्हणजे कोडमधल्या टोपणनावामागे, दडवलं की ग्रेप शंभर ठिकाणी मॅक्रो पाहतो आणि एका ठिकाणी गुन्हा. उलट, जिथे प्रोग्रॅमरने दडवलेलं नसतं अशी एक जागा सगळे विसरतात: कॉमेंट. 'हे काढू नका, काढलं की कोर पडतो', 'का ते माहीत नाही पण इथे ८ जास्त लागतात', 'नंतर नीट करू' अशा वाक्यांतले शब्द शोधले तर मेमरीच्या चुकांचं घबाड हाती लागतं. प्रकल्पात मुंबईची मंडळी असतील तर रोमन लिपीतला 'बघू'सुद्धा शोधून पाहावा.

अक्षरांपलीकडे जाऊन कोडचा अर्थ पाहण्याचं शास्त्र वेगळं आहे आणि त्याचं एक ठाणं याच उपनगरांच्या मधोमध, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर आहे. पवईच्या आयआयटीत उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांनी प्रोग्रॅममधून माहिती कशी वाहते, याच्या विश्लेषणावर लिहिलेला ग्रंथ २००९ मध्ये निघाला. त्यातली एक मूळ कल्पना 'जिवंतपणा'ची: या ठिकाणापुढे हा पॉइंटर कुणी वापरणार आहे का? हे ठरवायला प्रोग्रॅम शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत यावं लागतं. ग्रेपला तर पुढची ओळ येईपर्यंत मागची आठवतही नाही. खेडकर, सन्याल आणि अमेय करकरे यांचा २००७ चा हीपवरचा, म्हणजे अशा भाड्याच्या जागेवरचा, निबंध एका घरगुती प्रश्नाला हात घालतो. जावासारख्या भाषांत जागा परत करायचं काम कचरा गोळा करणारी यंत्रणा करते, पण ती फक्त जिथे हात पोहोचत नाही तेच टाकते. उपनगरातल्या फ्लॅटच्या माळ्यावर पितळी बंब, तुटका पाळणा आणि १९९० सालची सूटकेस असते. स्टूल घेतलं की हात पोहोचतो, म्हणून ते टाकलं जात नाही. आणि पुढे कधीही कुणी वापरणार नाही, हेही घरात सगळ्यांना ठाऊक असतं. निबंधातली पद्धत असं 'हात पोहोचतो पण लागणार नाही' सामान आधीच ओळखून त्याच्याकडे जाणारं स्टूल काढून घेते. घरोघरी ही पद्धत राबवायला अजून कुणी धजावलेलं नाही. पुण्यात टाटांच्या टीआरडीडीसी या १९८१ पासूनच्या संशोधनसंस्थेतही एम्बेडेड सी कोडमधल्या अशाच चुका अर्थावरून शोधणारं साधन घडलं. अर्थ पाहणाऱ्या साधनांनाही मर्यादा आहेच: प्रोग्रॅम कसा वागेल याबद्दलचा कुठलाही दखल घेण्याजोगा प्रश्न सगळ्या प्रोग्रॅमांसाठी अचूक सोडवणारी एकच रीत असू शकत नाही, हे राइस यांनी १९५३ मध्येच सिद्ध करून ठेवलं आहे. व्हॅलग्राइंडसारखी हत्यारं मग प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवून प्रत्येक पावलाला पाळत ठेवतात. प्रोग्रॅम त्यामुळे संध्याकाळी सहाच्या लिंक रोडच्या वेगाने चालतो, आणि ज्या वाटेने तो गेला नाही त्या वाटेवरची चूक राहतेच.

मग ग्रेप उरतो कशाला, तर भाऊबंद शोधायला. एप्रिल २०१४ मध्ये, घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू व्हायच्या दोन महिने आधी, इंटरनेटवरचा मजकूर सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतली हार्टब्लीड ही चूक जाहीर झाली. समोरचा एक छोटा शब्द पाठवून म्हणायचा की हा ६४ केबीचा आहे, तेवढाच परत पाठवा. पाव किलोचा डबा देऊन 'पाच किलोचा होता, भरून द्या' म्हणण्याचा हा प्रकार. वाण्याने शेजारच्या फडताळातून पाच किलो भरून दिले, आणि त्या फडताळात पासवर्ड होते. दोषी ओळ म्हणजे एक साधा मेमकॉपी, सांगितलं तेवढे बाइट उचलून दुसरीकडे ठेवणारं फंक्शन. मोठ्या कोडमध्ये मेमकॉपी इतके असतात की नुसता मेमकॉपी शोधून ही ओळ आधी कुणी वेगळी काढली असती असं म्हणवत नाही. पण एकदा ती सापडल्यावर प्रश्न बदलतो. चूक करणाऱ्याने तोच तुकडा आणखी कुठे चिकटवला, त्याच्याकडून कुणी उचलला, हे विचारायचं असतं, आणि तिथे ग्रेपला तोड नाही. कॉपी-पेस्ट केलेल्या चुकेला कुळाचार असतो. व्हेरिएबलची नावं, कॉमेंटमधली स्पेलिंगची चूकसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या तशीच चालत येते. अनेकदा त्या चुकलेल्या स्पेलिंगवर ग्रेप मारला की अख्खं खानदान एका पडद्यावर उभं राहतं. लिनक्सवाल्यांचं कॉक्सिनेल हे साधन याच्याच पुढचं: ते नमुना अक्षरांत न घेता कोडच्या घडणीत घेतं, त्यामुळे नावं बदलून राहणारे चुलतभाऊही हाती लागतात.

राहिली शोध संपल्यावरची गोष्ट. ग्रेपला काही सापडलं तर तो ओळी छापतो आणि जाताना शून्य हा आकडा ठेवून जातो. काहीच सापडलं नाही तर काही छापत नाही आणि एक ठेवून जातो. फाइल उघडता आली नाही, नमुना वाकडा निघाला, असं काही झालं तर दोन. यांतला एक हा आकडा कोडमध्ये चूक नसली तरी येतो, नमुन्यात एक कंस जास्त पडला म्हणून चूक निसटली तरी येतो, आणि सगळा शोध चुकून गेल्या वर्षीच्या फोल्डरमध्ये चालला असला तरी येतो. पडदा तिन्ही वेळा सारखाच रिकामा असतो.